मुलांनी आयांना शिकवले



फेब्रुवारीत नेगेवच्या उत्तरेस कालानियोतचा लाल गालिचा पसरला की आमची नातवंडे तियुलला निघतात. फुले पाहायची, फोटो काढायचे, तोडायची मात्र नाहीत. पूर्वी ती रस्त्याच्या कडेला जुड्या बांधून विकत असत, हे त्यांना खरेच वाटत नाही.

1951 साली गालीलमधील हुला सरोवर आणि दलदल कोरडी करण्यास सुरुवात झाली. मलेरिया जावा, शेतीला जमीन मिळावी, हा हेतू. अलिबागकडे बांध घालून खाजणे पिकवणारी आपली माणसे त्यात वावगे मानती ना. पण अझारिया अलोन, आमोत्झ झहावी अशा निसर्गप्रेमींनी विरोध केला आणि 1953 साली निसर्ग संरक्षण संस्था उभी राहिली. सरोवर वाचले नाही. दलदलीचा एक तुकडा तेवढा राहिला, तो 1964 साली देशातील पहिला राखीव निसर्गप्रदेश ठरला. कोरडी माती पुढे पेटू लागली, खचली. 1994 साली काही भागात पुन्हा पाणी सोडावे लागले!

संस्थेने मग मुलांना हाताशी धरले. 1960 च्या सुमारास मृत समुद्राकाठी एन गेदी येथे पहिली ‘बेत सेफेर सादे’, म्हणजे रानातली शाळा, निघाली. वर्गच्या वर्ग दोन-तीन दिवस मुक्कामाला जात. नकाशा वाचणे, पाण्याच्या बाटल्या मोजून घेणे, कड्यावरचे रानबोकड लांबून पाहणे, असा अभ्यास. शिकवायला पुढे सैन्यातील तरुण शिक्षिकाही आल्या.

त्याच दशकात रानफुलांची मोहीम झाली. शाळाशाळांतून, बालवाड्यांतून रंगीत चित्रे लागली. आमच्या घरी तिचा फटका आधी आईला बसला. शेवंती-अबोलीच्या वेण्या माळणारी बाई, तिला टेकडीवर फुकट फुले दिसली, तिने ओंजळ भरली. लगेच मुलगा ओरडला, ‘आई, असूर!’ अशा प्रसंगांत आम्ही हसलो, थोडे दुखावलोही. इवल्या पोराने आईला शिकवावे, आणि तेही तिला नीट न येणाऱ्या भाषेत!

एक खंत सांगितली पाहिजे. तू बिश्वातला अलिबागजवळच्या खंडाळ्यास मलिदा घेऊन जाणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना कोकणातले झाडन्‌झाड माहीत होते. आणि हुलाचे काम निघाले त्याच 1951 साली आपल्याच समाजाचे रूबेन डेव्हिड अहमदाबादेत कांकरिया तलावाकाठी प्राणिसंग्रहालय उभारीत होते. 1975 साली त्यांना पद्मश्री मिळाली. असे जाणते लोक आपल्यात असताना इथल्या सहलींत आमच्या वडिलांना कोणी काही विचारले नाही. आम्हीही त्यांना बरोबर नेले नाही. भाषा अडेल, ते दमतील, अशी कारणे आम्हीच दिली.

परवा नात दिमोनाहून आली. रकेफेतला मराठीत काय म्हणतात, असे तिने विचारले. आजीने बराच विचार केला, आणि शेवटी तिला अबोली कशी दिसते ते सांगू लागली.