सीमेपलीकडील संलग्नता : महाविद्यालयीन कारभारातील एक विसरलेली तरतूद

महाविद्यालय कोणाचे, या प्रश्नाला व्यवहारात तीन उत्तरे असतात. इमारत व नोकरवर्ग ज्याच्या ताब्यात तो चालक. वेतनाचा पैसा ज्याच्या तिजोरीतून येतो ते शासन. आणि अभ्यासक्रम, परीक्षा व पदवी ज्याची ते विद्यापीठ. सीमाभागातील आमच्या चर्चेत पहिल्या दोहोंविषयी पुष्कळ बोलले जाते. तिसरी बाब, म्हणजे विद्यापीठाशी असलेली संलग्नता, बहुधा दुर्लक्षित राहते. वास्तविक पदवीच्या वर्गात मराठी हा विषय राहील की नाही, राहिला तर त्याचे पाठ्यपुस्तक कोण नेमील, याचा निर्णय तेथेच होतो.

चिंताकी हे औराद तालुक्यातील गाव. हैदराबाद संस्थानात हा परिसर संतपूर तालुक्यात मोडे आणि तो तालुका बिदर जिल्ह्यात होता. त्याच जिल्ह्यात उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुकेही होते. चिंताकीच्या आणि उदगीरच्या विद्यार्थ्याचे विद्यापीठ तेव्हा एकच : १९१८ साली सुरू झालेले हैदराबादचे उस्मानिया. तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी असूनही माध्यमाचा निर्णय निजामाच्या फर्मानाने झाला. त्यात प्रजेला विचारण्याची सोयच नव्हती. एका भारतीय भाषेत विज्ञान, इतिहास व कायदा शिकविण्याचा तो मोठा प्रयोग होता, आणि त्यासाठी उभारलेल्या भाषांतरखात्याचे काम आजही थक्क करणारे आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. मराठी विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र त्यातून परकी लिपी आणि परके माध्यम आले.

याच संस्थानात एक गोष्ट मात्र अगदी निराळ्या रीतीने चालत असे. हैदराबाद शहरातील निजाम कॉलेज १८८७ पासून मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते, आणि उस्मानियाची स्थापना झाल्यावरही १९४७ पर्यंत ते तसेच राहिले. निजामाच्या नावाचे महाविद्यालय, निजामाच्या राजधानीत, त्याच्याच खजिन्यावर पोसलेले. पण त्याची परीक्षा घेणार ब्रिटिश हद्दीतील विद्यापीठ! यामुळे संस्थानच्या सार्वभौमत्वाला बाधा येते असे कोणी म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही.

दुसरा प्रसंग १९३८ च्या अखेरचा. वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ गाण्यास विद्यापीठाने मनाई केली, तेव्हा औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी ती मोडली आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली. विद्यापीठाच्या आदेशाविरुद्ध दाद मागण्यास संस्थानात जागा नव्हती. अशा वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्या विद्यार्थ्यांना आपल्याकडे प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंहराव या चळवळीत होते व त्यांचेही पुढील शिक्षण नागपुरास झाले. सरहद्दीपलीकडचे एक विद्यापीठ दार उघडते, एवढ्याने एका पिढीचे शिक्षण वाचले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना कायदा अमलात आला. अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद व संतपूर म्हैसूर राज्यात. उदगीरचे विद्यापीठ १९५८ पासून औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ झाले, आणि १९९४ पासून नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. औरादकरांसाठी प्रथम धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ, मग १९८० पासून गुलबर्गा विद्यापीठ, आणि अगदी अलीकडे बिदर विद्यापीठ. धारवाड बिदरपासून चारशे किलोमीटरांहून दूर. औरंगाबादही उदगीरला जवळ नव्हते. पण तेथे पाठविलेल्या अर्जाची भाषा अर्जदाराची होती.

ज्या स्वामी रामानंद तीर्थांनी हैदराबादच्या भाषावार विभाजनाचा आग्रह धरला, त्यांचा जन्म कन्नड मुलखातला, आणि मराठी मुलखात नांदेडला १९५० साली पीपल्स कॉलेज उभे केले तेही त्यांनीच. भाषेची रेघ माणसाच्या आयुष्यातून कशी आडवीतिडवी जाते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

आता मूळ मुद्दा. पुनर्रचनेपूर्वी दोन महिने, ४ सप्टेंबर १९५६ रोजी, केंद्रीय गृहमंत्रालयाने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाविषयी एक निवेदन तयार केले. त्यात संलग्नतेवर स्वतंत्र परिच्छेद आहे. त्याचा आशय असा : मातृभाषेतून शिकविणाऱ्या शाळा-महाविद्यालयांची संलग्नता शक्यतो त्याच राज्यातील विद्यापीठाशी असावी; मात्र ते जमत नसेल तर राज्याबाहेरील योग्य विद्यापीठाशी ती जोडणे सोयीचे ठरू शकते, आणि हे संविधानाच्या अनुच्छेद ३० चे ओघाने येणारे फलित मानता येईल. म्हणजे निजाम कॉलेजला जे सहज मिळाले, ते भारत सरकारने सीमाभागासाठी तत्त्वतः मान्य केले होते.

मग ते घडले का नाही? पहिले कारण असे की निवेदन म्हणजे कायदा नव्हे. न्यायालयात त्याच्या आधारे हक्क मागता येत नाही. दुसरे, अनुच्छेद ३० संस्था स्थापणाऱ्याला कारभाराचा अधिकार देतो. शासकीय महाविद्यालयात संस्थापक शासनच असल्याने तेथे तो लागू पडत नाही. अनुच्छेद ३५०क मातृभाषेतील शिक्षणाची हमी देतो, पण ती प्राथमिक टप्प्यापुरती. परिणामी लहान मुलाला एक कवच आहे, स्वतःची संस्था काढण्याइतके बळ असलेल्या समाजाला दुसरे. गावातून शासकीय महाविद्यालयात जाणाऱ्या गरीब मुलीला मात्र दोन्ही नाहीत. पुढे २००५ साली यशपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या कायद्याने स्थापिलेल्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र त्या राज्यापुरतेच, असा निर्णय दिला. तो खटला छत्तीसगडमधील बोगस खासगी विद्यापीठांचा होता व निकाल योग्यच होता. पण १९५६ चा परिच्छेद त्याने जवळपास निरुपयोगी झाला.

कारभारातील आवाजही आटला. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्यात अधिसभा आहे व नोंदणीकृत पदवीधर तिच्यावर आपले प्रतिनिधी निवडून देतात. कर्नाटकाच्या २००० च्या कायद्यात अधिसभाच नाही. तेथे सिंडिकेट व विद्याविषयक परिषद यांच्याकडे कारभार आहे. उदगीरच्या पदवीधराला मत आहे, औरादच्या पदवीधराला, मग तो कन्नड असो वा मराठी, ते नाही. दुसऱ्या बाजूने, अनुच्छेद ३७१ञ खालील प्रवेश व नोकऱ्यांतील आरक्षण भाषा न पाहता प्रदेशावर दिले जाते, आणि चिंताकीच्या मराठी मुलाला त्याचा लाभ मिळतो, हेही नोंदविले पाहिजे.

महाराष्ट्र शासन ८६५ सीमागावांतील विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांत जागा राखते. ती सवलत गाव सोडून जाणाऱ्याची आहे. गावाजवळच राहून पदवी घेणाऱ्यासाठी प्रश्न उरतो तो मराठीच्या मंजूर अध्यापकपदाचा, कारण पद नसेल तर अभ्यासक्रमातील मराठीचा पर्याय कागदावरच राहतो. ही मागणी महाविद्यालयाच्या प्राचार्यांमार्फत महाविद्यालयीन शिक्षण खात्याकडे करावी, आणि तिची प्रत अनुच्छेद ३५०ख खाली नेमलेल्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवावी. त्यांचे अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवले जातात. अर्जात मराठी घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सह्या, त्यांचे वर्ग आणि ४ सप्टेंबर १९५६ च्या निवेदनाचा उल्लेख असावा.