शिंबावर्गीय पिकांच्या मूळगाठी व शेजारवनस्पती : एका प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
ज्वारीत तूर पेरण्याची पद्धत दख्खनच्या कोरडवाहू शेतीत पूर्वापार रूढ आहे. ‘द्विदल पीक नत्र देते, तृणधान्य ते घेते’ असे तिचे समर्थन सामान्यतः केले जाते. तथापि तृणधान्याच्या सान्निध्याचा द्विदलाच्या मूळगाठींवर काय परिणाम होतो, हा उलट प्रश्न बराच काळ दुय्यम राहिला. त्याच्या वाटचालीचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

गाठींचा शोध :
वाटाणा व क्लोव्हर यांच्यात नत्राची वाढ होते, गहू व ओट यांच्यात होत नाही, असे फ्रेंच शास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८३८ मध्ये दाखविले. त्याचे कारण गाठींतील सूक्ष्मजीवांत आहे, हे जर्मनीतील हेलरीगेल यांनी १८८६ मध्ये बर्लिन येथील परिषदेत मांडले. विल्फार्थ यांच्यासह त्यांचा सविस्तर प्रबंध १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी हॉलंडमधील बायरिंक यांनी हे जिवाणू वेगळे केले. याच सुमारास हिंदुस्थानातील शेतीची पाहणी करणाऱ्या व्होल्कर यांच्या १८९३ च्या अहवालात तृणधान्य व द्विदल एकत्र पेरण्याच्या प्रथेची नोंद आढळते. प्रयोगशाळेतील कुंडी आणि शेतातील मिश्र पेरा यांची सांगड मात्र लगेच घातली गेली नाही.

‘दात्या’ पिकाची कल्पना :
विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत लिपमन यांनी, तर १९३० च्या दशकात फिनलंडमध्ये व्हिर्टानेन यांनी द्विदलाचे नत्र शेजारच्या पिकास मिळते काय, याचा अभ्यास केला. वाटाण्याच्या गाठींतून नत्रयुक्त संयुगे बाहेर पडतात, असे व्हिर्टानेन यांचे प्रतिपादन होते. अमेरिकेतील विल्सन व त्यांचे सहकारी यांना तो निष्कर्ष सातत्याने पडताळता आला नाही. हा वाद दीर्घकाळ चालला. परंतु दोन्ही पक्षांचे लक्ष प्रामुख्याने द्विदल काय देते याकडेच होते.

शेजाऱ्याचा प्रभाव :
१९५० च्या सुमारास इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथे नटमन यांनी एकत्र वाढणारी क्लोव्हरची रोपे परस्परांच्या गाठनिर्मितीस अटकाव करतात, असे दाखविले. शेजार अपायकारकही ठरू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले. उंच पिकाच्या सावलीमुळे द्विदलातील कर्बोदकांची निर्मिती घटते व गाठींचे पोषण कमी होते. याउलट, जमिनीत नायट्रेट मुबलक असल्यास गाठी कमी धरतात. तृणधान्याची मुळे ते शोषून घेतात, तेव्हा द्विदलास हवेतील नत्रावर अधिक अवलंबून राहावे लागते.

१९८६ मध्ये लसूणघासातील ल्युटिओलिन हे फ्लॅव्होनॉइड जिवाणूंमधील गाठनिर्मितीची जनुके कार्यान्वित करते, हे सिद्ध झाले. २०१६ मध्ये चिनी संशोधकांनी मक्याच्या मूळस्रावामुळे बाकला या शेंगपिकात फ्लॅव्होनॉइडांची निर्मिती, गाठी व नत्र स्थिरीकरण वाढते, असे दाखविले. येथे तृणधान्य केवळ घेणारे उरत नाही.

समारोप :
मिश्रपिकातील नाते एकतर्फी नाही. सावली, नायट्रेट व मूळस्राव यांच्या एकत्रित परिणामावर ते ठरते. म्हणूनच एकल पिकासाठी ठरविलेली नत्रखताची मात्रा मिश्रपिकास तशीच लागू केल्यास तृणधान्याचा लाभ दिसतो, पण द्विदलाच्या गाठींची हानी मातीखाली दडून राहते. ज्वारी-तुरीच्या पद्धतीचे मूल्यमापन करताना केवळ धान्याचे उत्पादन न मोजता मुळांवरील गाठीही तपासल्या जाणे आवश्यक आहे.