सिद्धांत तोच, चल नवे : अभय अष्टेकरांची कारकीर्द

अभय अष्टेकर यांचा जन्म 5 जुलै 1949 रोजी खानदेशातल्या शिरपूरला झाला. भारतात पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि 1974 मध्ये शिकागो विद्यापीठात रॉबर्ट गेरोच यांच्या हाताखाली पीएच.डी. झाले. पुढे ऑक्सफर्ड, फ्रान्स, मग सिरॅक्यूज विद्यापीठ. सैद्धांतिक भौतिकीला प्रयोगशाळा लागत नाही, पण वाद घालायला तोलामोलाचे सहकारी लागतात. त्यामुळे या पेशात अशी भ्रमंती कोणाला चुकत नाही.

त्यांनी हात घातलेला प्रश्न जुना होता. आइन्स्टाइनच्या मते गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-काळाची वक्रता. तिला क्वांटम यांत्रिकीचे नियम लावायला गेले, की समीकरणे हाताबाहेर जात. व्हीलर आणि डीविट यांचे 1960च्या दशकातले समीकरण गाजले खरे, पण ते सोडवणे कोणालाच जमेना. अष्टेकरांनी 1986 मध्ये सिद्धांताला धक्का न लावता त्यातले चल बदलले. अंतर मोजणारी राशी मागे ठेवली. एखादी दिशा अवकाशातून फिरवत नेली तर ती किती वळते, हे सांगणारी राशी पुढे आणली. गुरुत्वाकर्षणाची समीकरणे त्यामुळे इतर मूलभूत बलांच्या समीकरणांसारखी दिसू लागली आणि तिकडची गणिती हत्यारे इकडे चालू लागली. हे चल संमिश्र संख्यांत होते, ही मात्र मोठीच अडचण. फर्नांडो बार्बेरो यांनी 1995 मध्ये दिलेले वास्तव संख्यांतले रूप पुढे रूढ झाले.

या पायावर कार्लो रोव्हेली, ली स्मोलिन आणि इतरांनी लूप क्वांटम गुरुत्वाकर्षण उभारले. क्षेत्रफळ अखंड नसते, ते ठरावीक पायऱ्यांनीच वाढते, असे त्यातून निघाले. सर्वांत लहान तुकडा इतका बारीक, की एका चौरस सेंटिमीटरात ढोबळमानाने 1 वर 65 शून्ये इतके मावतील.

अष्टेकर 1993 मध्ये पेन स्टेट विद्यापीठात गेले आणि तिथले गुरुत्वाकर्षण संशोधन केंद्र त्यांनी नावारूपाला आणले. तोमाश पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांच्यासह त्यांनी 2006 मध्ये दाखवले, की एका साध्या, सममित विश्वाच्या गणितात महास्फोटाच्या जागी 'महाउसळी' येते: आधीचे विश्व आकुंचन पावत जाते आणि अनंत घनता गाठण्याआधीच पुन्हा पसरू लागते. अमेरिकन फिजिकल सोसायटीचे आइन्स्टाइन पारितोषिक त्यांना 2018 मध्ये मिळाले. लूप सिद्धांताला प्रयोगाचा दुजोरा मात्र अजून मिळालेला नाही. प्रतिस्पर्धी स्ट्रिंग सिद्धांताचीही तीच गत आहे.