दोन जाहिराती आणि १९ आईबाप

जाहीर नोटीस आपल्याकडच्या प्रत्येक पेपरात असते. मुलगा माझ्या ऐकण्यात नाही, त्याच्याशी कुणी व्यवहार करू नये, केल्यास मी जबाबदार राहणार नाही. आम्हा पेपरवाल्यांच्या नजरेखालून अशा नोटिसा रोज जातात. कारण बहुतेक वेळा कर्ज, नाहीतर जमीन. पण मुलगा समलैंगिक आहे म्हणून निघालेली एक नोटीस देशभर गाजली होती.

साल २००६. आपल्या नंदुरबारच्या पलीकडे, गुजरातेतलं राजपिपळा. तिथल्या राजघराण्याचे वारस मानवेंद्रसिंह गोहिल यांनी एका गुजराती दैनिकाला उघड सांगितलं, मी समलैंगिक आहे. गावात त्यांचे पुतळे जाळले. आईने पेपरात नोटीस देऊन नातं तोडलं. त्याआधी घरच्यांनी डॉक्टर केले, धर्मगुरू केले, असं त्यांनी मुलाखतींतून सांगितलंय. राजवाडा असो की दोन खोल्यांचं घर, आईबापांची धावाधाव सारखीच.

त्या वेळी कायदाही मुलाच्या विरोधातच होता. कलम ३७७. 'हे आपल्या संस्कृतीत बसत नाही' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, हे कलम १८६० साली इंग्रजांनी लिहिलं. जुलै २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द केलं. लगेच सुप्रीम कोर्टात अपिलं पडली. पहिलं अपील दिल्लीच्या एका ज्योतिषाचं. पाठोपाठ मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड आणि काही ख्रिस्ती संघटना. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे इथे मात्र एका रांगेत उभे राहिले.

आणि समोरच्या रांगेत कोण होतं? इतरांबरोबर १९ आईबाप.

२०११ साली त्यांनी सुप्रीम कोर्टात अर्ज दिला. म्हणणं साधं होतं. मुलाला गुन्हेगार ठरवलं की अख्खं घर भीतीखाली जगतं, मग कुटुंब वाचवायचं म्हणता ते कुठलं? अर्जावर पहिलं नाव दिल्लीच्या मिन्ना सरन यांचं. त्यांचा मुलगा निशित याने १९९९ च्या आपल्या माहितीपटात आईला कॅमेऱ्यासमोर हे सत्य सांगितलं होतं. २००२ मध्ये तो अपघातात गेला. म्हणजे ही बाई ज्याच्यासाठी लढली, तो हयातही नव्हता. दुसऱ्यांच्या पोरांसाठी ती कोर्टात गेली. या १९ जणांत आपल्या मराठी रंगभूमीच्या चित्रा पालेकरही होत्या, आपल्या मुलीसाठी.

११ डिसेंबर २०१३ ला ते हरले. कलम परत आलं.

आता दुसरी जाहिरात. मे २०१५, मुंबई. पद्मा अय्यर यांनी मुलासाठी स्थळ पाहिजे अशी जाहिरात दिली, पण वधू नाही, वर पाहिजे. बड्या पेपरांनी नाकारली, शेवटी 'मिड-डे'ने छापली. मुलगा शाकाहारी, प्राण्यांवर प्रेम करणारा हवा. जातीची अट नाही, पण अय्यर असल्यास बरं! या शेवटच्या ओळीवर टीकाही झाली, आणि ती रास्तच होती. पण मला त्यात दुसरंही दिसतं. या आईने रीतभात सोडली नाही, त्याच रीतीत मुलाला जागा करून दिली.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने आपला निकाल फिरवला. इतिहासाने या माणसांची माफी मागायला हवी, असं न्या. इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं, आणि त्यांच्या कुटुंबांचीही. कुटुंबांचीही! हा शब्द त्या आईबापांनी कमावलेला आहे. २०२३ मध्ये चारशेहून जास्त आईबापांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून मुलांच्या लग्नाचा हक्क मागितला. तो मिळाला नाही. मागणं थांबलेलं नाही.

हे सगळं दिल्ली-मुंबईचं, असं म्हणून सोडू नका. आपल्या तालुक्यातही अशी मुलं-मुली आहेत. त्यांना आजही देवऋषाकडे नेतात, नाहीतर 'लग्न लावून द्या, सुधारेल' म्हणतात. त्यात दुसऱ्याच्या लेकीचंही वाटोळं होतं. 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरचा तो उपचार २०२२ पासून व्यावसायिक गैरवर्तन ठरलेला आहे, हेही माहीत असू द्या.

देव सोडा असं मी कुणालाच म्हणत नाही. देव्हाराही घरात राहू द्या आणि पोरही. नोटीस कुठली द्यायची, तोडणारी की जोडणारी, हे शेवटी आईबापांच्याच हातात असतं.