मणिकर्णिकेच्या अलीकडच्या पायऱ्या

डिप्लोमा झालेल्या रेल्वे अभियंत्याने आरोग्यसेवेच्या इतिहासावर लिहावे, हे कोणाला आगाऊपणाचे वाटेल. पण २०२२ साली आईला मणिकर्णिका घाटावर अग्नी दिला, तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही.

मणिकर्णिकेशी आपले नाते जुने. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी येथे बांधकाम करविले. काशीतच जन्मलेल्या झाशीच्या राणीचे माहेरचे नाव मणिकर्णिका. येथे मरण यावे म्हणून शतकानुशतके लोक आले. त्यांतले कित्येक आजारी, निराधार. रस्त्यातच पडून राहत. १९०० साली काही बंगाली तरुणांनी अशांना उचलून त्यांची सेवा सुरू केली. १९०२ साली ते काम रामकृष्ण मिशनकडे आले. लक्सा येथील रुग्णालय ते हेच. १९५८ साली गोदौलिया भागात मुक्तिभवन निघाले. तेथे उपचार नव्हेत, तर अखेरचे दिवस घालवायला खोली मिळे. शेवटच्या पायरीची सोय काशीने अशी केली. अलीकडच्या पायऱ्यांचे काय?

त्यांचा आराखडा सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली मांडला. भोर जन्माने नाशिकचे, शिक्षण पुण्यात, आणि पूर्वी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात रेल्वे खाते सांभाळलेले! त्यांची योजना आपल्याला तरी सहज समजावी. इंजिनाची किरकोळ तपासणी ट्रिप शेडमध्ये, मोठे काम होम शेडमध्ये, संपूर्ण ओव्हरहॉलिंग कारखान्यात. तसेच खाली प्राथमिक केंद्र, त्यावर दुय्यम रुग्णालय, सर्वांत वर जिल्ह्याचे मोठे रुग्णालय. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. आज सपाट प्रदेशात ५,००० वस्तीमागे उपकेंद्र आणि ३०,००० मागे प्राथमिक केंद्र असा निकष आहे.

सैल बोल्ट ट्रिप शेडमध्ये नजरेतून सुटला, की पुढे इंजिनच कारखान्यात न्यावे लागते. आईचे तसेच झाले. चाळीस वर्षे ती मिशरी लावायची. गालात पांढरा चट्टा आला, तो तिने सहा महिने सांगितला नाही. मीही फोनवर "बरी आहेस ना?" एवढेच विचारीत राहिलो. तिशीपुढच्यांचे तोंड तपासण्याचा सरकारी कार्यक्रम २०१६-१७ पासून सुरू होता आणि उपकेंद्र घरापासून दहा मिनिटांवर होते. "मला काय धाड भरलीय?" म्हणून ती गेली नाही.

तिला काशीला आणले, तोवर लहरतारा येथील पूर्वीचे रेल्वेचे कर्करोग रुग्णालय टाटा मेमोरियलकडे आले होते. २०१९ साली त्याचे उद्घाटनही झाले होते. एरवी परळ गाठावे लागले असते. सगळ्यांत वरची पायरी आमच्या दाराशी होती. पण खालची आम्ही चुकवली होती. गाठ मानेत उतरली होती.

अखेरचे दोन महिने ती क्वार्टरमध्येच होती. वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. जखम धुणे माझी पत्नी नर्सकडून शिकली. आई शांतपणे गेली. बरे करता येत नाही तेव्हा दुःख कमी करणे, हीदेखील आरोग्यसेवेची एक पायरी आहे, हे मला तेव्हा कळले.

आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील गावी आहेत. दिवाळीला जाल तेव्हा साडी-धोतर न्याच. पण एक सकाळ राखून त्यांना उपकेंद्रात घेऊन जा. तेथे आता कदाचित 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी असेल. रक्तदाब, साखर पाहून घ्या, तोंड तपासून घ्या. त्यांनी "मला काय झालंय?" म्हटले, तरी ऐकू नका. मी ऐकले होते.