शाकारणीचा हक्क

मे महिन्याच्या अखेरीस भर दुपारी कवेलूंच्या घरात दार लोटून उभे राहिले, म्हणजे अंधारलेल्या जमिनीवर उन्हाचे लहानमोठे ठिपके दिसू लागतात. एरव्ही या कवडशांकडे कोणी लक्ष देत नाही. परंतु मृग नक्षत्र आठ-पंधरा दिवसांवर आले असता प्रत्येक कवडसा म्हणजे पावसाळ्यातील एक गळती, हे घरधन्यास ठाऊक असते. सौंसर-पांढुर्ण्याच्या अक्षांशावर या आठवड्यात सूर्य दुपारी अगदी माथ्यावर येतो. त्यामुळे कवडसा जेथे पडला, त्याच्या नेमक्या वरचे कवेलू फुटलेले किंवा सरकलेले असावयाचे. जमिनीवर कोळशाने खूण केली की ओळंब्यावाचून छपरावरील जागा सापडते. खगोलशास्त्राचे पुस्तक न उघडता साधलेली ही युक्ती घरांच्या दुरुस्तीच्या एका दीर्घ इतिहासाचा भाग आहे. तो इतिहास मात्र कोणी लिहून ठेवलेला नाही.

जामसांवलीचे नाव सर्वदूर ज्ञात आहे ते तेथील हनुमंतामुळे. पिंपळाखाली पहुडलेल्या मूर्तीच्या दर्शनासाठी विदर्भातून आणि सातपुड्यापलीकडूनही माणसे येतात. २०२३ मध्ये तेथे ‘हनुमान लोक’ या मोठ्या बांधकामाचा प्रारंभ झाला, आणि त्याच वर्षी पांढुर्णा व सौंसर या तहसिली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. देवळाच्या बांधकामाची नोंद राहते, कोनशिला बसते. देवळाभोवतीच्या घरांनी शंभर पावसाळे कसे काढले, याची नोंद मात्र शोधावी लागते, आणि ती सापडते अनपेक्षित जागी, म्हणजे जमीन-महसुलाच्या दप्तरात.

या मुलुखावर प्रथम देवगडच्या गोंड राजांची आणि पुढे नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. सीमारेषा अशी सरकत राहिली तरी सौंसरच्या घरातील बोली मराठीच राहिली, आणि घर बांधण्याची रीतही सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच राहिली.

ती रीत समजण्यास मराठीतील दोन जुने शब्द पुरेसे आहेत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथातही गावाची विभागणी याच शब्दांनी केलेली आढळते. हे केवळ रंगाचे वर्णन नव्हे. कपाशीची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हातभर खोल भेगा पडतात. अशा जमिनीवर थेट उभारलेली भिंत दरवर्षी किंचित उचलली जाते, किंचित खचते आणि अखेरीस कोपऱ्यात तडकते. म्हणून जुन्या माणसांनी घरासाठी उंचवट्याची पांढरी जागा निवडली, आणि काळीवर बांधण्याची पाळी आलीच तर मुरूम लागेपर्यंत पाया खणला. भिंतीसाठी मातीही पांढरीचीच. एका पिढीची भिंत पडे, तिची माती पुन्हा भिजवून दुसरी पिढी भिंत रचीत असे. कित्येक गावांची पांढरी अशा पडलेल्या घरांच्या थरांनीच उंच झालेली आहे.

मातीच्या भिंतीचा शत्रू आकाशातून पडणारा पाऊस तितकासा नाही, जितका जमिनीवरून उसळणारा आहे. पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून भिंतीच्या पायथ्याशी उडते आणि हातभर उंचीपर्यंत भिंत खाऊ लागते. वरून भक्कम दिसणारे घर पायाशी पोखरले जाते ते असे. याला तीन उपाय होते. दगडी जोते उंच घ्यावयाचे, वळचण भिंतीपासून हात-दीड हात पुढे काढावयाची आणि पागोळ्यांचे पाणी वाहून जाईल असा उतार अंगणास द्यावयाचा. जुन्या घराची ओसरी ही बसण्या-उठण्याची जागा खरीच, परंतु तिने मुख्य भिंतीपासून पाऊस दूर ठेवला, हे तिचे मोठे काम होय.

छपरावर कवेलू. कुंभार चाकावर निमुळती नळी काढी आणि ती उभी चिरून तिची दोन कवेलू करी. बांबूच्या कामट्यांवर एक ओळ उताणी आणि तिच्या सांध्यांवर दुसरी पालथी, खिळा नाही की चुना नाही. हे छप्पर स्वस्त, थंड आणि दुरुस्तीस सुलभ. त्याचे वैगुण्य असे की ते स्थिर राहत नाही. वारा, मांजरे आणि विशेषेकरून वानरे त्याची घडी मोडतात. वानरांचा एक कळप छपरावरून गेला की महिन्याची मेहनत अर्ध्या घटकेत वाया जाते, आणि जेथे हनुमंतच गावाचे दैवत आहे तेथे त्यांच्यावर दगड उचलणे कोणाच्या मनास पटणार ? यास्तव अक्षय तृतीयेनंतर आणि मृगापूर्वी छप्पर उतरवून कामट्या पाहणे, किडलेला वासा बदलणे, फुटकी कवेलू वेगळी काढणे आणि घर पुन्हा शाकारणे हा वार्षिक क्रमच होऊन बसला. पावसाळा संपल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास भिंती लिंपणे, पोतारणे आणि जमीन सारवणे हा दुसरा क्रम. पहिल्यात पुरुषांचा आणि कारागिरांचा हात असे. दुसरा जवळजवळ संपूर्णपणे स्त्रियांच्या अंगावर पडे. मातीच्या घराचे गोडवे गाताना शेणमातीत बुडालेले ते हात बहुधा विसरले जातात.

आता प्रश्न असा की, दरवर्षी लागणारे हे बांबू, वासे आणि कामट्या गरीब कुणब्याने आणावयाच्या कोठून ? बाजारातून नव्हे. येथेच महसुली दप्तराचा संबंध येतो. मध्य प्रांतात इंग्रजांनी मालगुजारी पद्धती स्थिर केली, तेव्हा गावाची पडीत जमीन आणि जंगल मालगुजाराच्या मालकीचे ठरले. परंतु गावकऱ्यांचे पूर्वापार हक्क पूर्णपणे नाकारता आले नाहीत. जळण, चराई, शेतीची अवजारे आणि घरासाठी लागणारे लाकूड-बांबू घेण्याच्या या वहिवाटीस ‘निस्तार’ म्हणत, आणि बंदोबस्ताच्या वेळी ती ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदात उतरवली जाई. म्हणजे गळके छप्पर नीट करणे ही खाजगी बाब नव्हती. ती गावाच्या कागदपत्रात नोंदलेली, मालगुजारास मान्य करावी लागणारी गोष्ट होती. मोलाच्या लाकडावर, विशेषतः सागवानावर, मालगुजाराची नजर असे, हेही खरे. शिवाय १८७८ च्या वन कायद्यानंतर सरकारी राखीव जंगलात जो बांबू पूर्वी सहज तोडता येई, त्यासाठी पास आणि शुल्क आले. सातपुड्याच्या पायथ्याशी राहूनही घराच्या वाशासाठी चौकीदाराचे तोंड पाहावे लागू लागले.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि १९५१ पासून ती जंगले शासनाकडे आली. मालक बदलला, हक्काचे काय ? १९५९ च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेने याचे उत्तर दिले. तिच्या २३४ व्या कलमाने प्रत्येक गावाचे निस्तार-पत्रक तयार करण्याची तरतूद केली, आणि त्यात कोणत्या बाबी याव्यात हे पुढील कलमात सांगितले. लाकूड व जळण यांबरोबरच मुरूम, कंकर, रेती, माती आणि दगड यांचाही तेथे उल्लेख आहे. कायद्याची भाषा रूक्ष खरी; तथापि ही यादी वाचली म्हणजे एक घरच समोर उभे राहते : दगडाचे जोते, मुरुमाची भर, मातीची भिंत, लाकडाचे आढे. १९६९ मध्ये वनोपजांच्या व्यापाराचे नियमन करणारा कायदा झाला आणि बांबूचा प्रवास जंगलातून आगारात व आगारातून गावात असा लांबत गेला. हक्क कागदावर राहिला. परंतु जी वस्तू अर्ज करून, खेप घालून, वेळेवर मिळेल की नाही या धास्तीत आणावयाची, ती मृगापूर्वी हाती येईलच असे नाही, आणि पाऊस कोणाच्या अर्जासाठी थांबत नाही.

कवेलूंच्या घरास उतरती कळा लागली याचे श्रेय केवळ सिमेंटच्या गुणांना देणे म्हणूनच अपुरे आहे. नवे साहित्य तर आधीपासून येतच होते. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात बासेल मिशनने मंगळूर येथे यंत्राने कौले काढण्यास आरंभ केला. त्या जातीची खाचांची चपटी कौले पुढे या भागात ‘इंग्रजी कवेलू’ या नावाने रूढ झाली. १९१५ मध्ये याच प्रांतातील कटनी येथे सिमेंटचा कारखाना सुरू झाला. नागपूर-छिंदवाडा ही सौंसरवरून जाणारी अरुंद रेल्वे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली. २०१५ मध्ये ती रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत तिने शंभर वर्षे माणसे आणि माल वाहिला. इतके असूनही बहुसंख्य घरे मातीचीच राहिली, कारण माती आणि बांबू यांना पैसा पडत नव्हता. तो पडू लागला, कुंभाराचे बलुते सुटले, गावची तरुण मुले मजुरीसाठी शहरात जाऊ लागली, आणि पत्र्याचा हिशेब प्रथमच सोयीचा वाटू लागला. पत्रा उन्हात तापतो, पावसात वाजतो. पण वानरांना जुमानत नाही आणि दरवर्षी उतरवावाही लागत नाही. ज्यांनी तो घातला त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

डागडुजी नेहमीच हितकारक असते असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मराठवाड्यातील हजारो माणसे घरांखाली गाडली गेली. तिकडे कवेलू नव्हे, धाब्याची घरे होती. लाकडी तुळयांवर मातीचे जाड थर, आणि गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी नवी भर. पिढ्यानपिढ्या वाढलेला तो भार मातीत रचलेल्या दगडी भिंतींना भूकंपात पेलला नाही. जी काळजी पावसापासून राखी, तीच भूकंपात घातक ठरली. सौंसरकडील कवेलूंचे छप्पर त्या मानाने हलके. तथापि १९९७ च्या मे महिन्यात जबलपूरही हादरले होते, आणि तेव्हापासून मातीच्या भिंतीकडे पाहण्याची दृष्टी या भागातही पूर्वीसारखी निःशंक राहिलेली नाही.

आज जी चूक सर्वांत अधिक दिसते ती मात्र भूकंपाशी संबंधित नाही. मातीची भिंत टिकाऊ व्हावी म्हणून तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला जातो. पहिल्या वर्षी भिंत देखणी दिसते. परंतु माती ओल घेते आणि सोडते. सिमेंटचे कवच ती ओल बाहेर जाऊ देत नाही. पायथ्यातून चढलेले पाणी आत कोंडते, माती मऊ होते आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे मातीसकट गळून पडतात. अशा भिंतीस मातीचाच गिलावा हवा. गव्हाचे भूस घालून चार-आठ दिवस कुजवलेल्या मातीला सुकताना भेगा कमी पडतात, आणि वरून चुन्याचा हात दिला तरी भिंतीचा श्वास कोंडत नाही. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने याच भूसमिश्रित गिलाव्यात रॉकेलमध्ये पातळ केलेले डांबर मिसळून पावसास न विरघळणारा गिलावा सिद्ध केला. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने १९७६ पासून मातीच्या घरांवर पुष्कळ काम केले आहे. आणि प्रत्यक्ष उदाहरणच हवे असेल तर ते सेवाग्रामला आहे. १९३६ नंतर तेथे गांधीजींसाठी माती, बांबू आणि कवेलू यांच्या ज्या कुटी उभ्या राहिल्या, त्या अजून उभ्या आहेत. माती तेथे काही निराळी नाही. निराळे आहे ते एवढेच की वेळच्या वेळी लिंपणे आणि शाकारणे तेथे चुकलेले नाही.

२०१६ पासून प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशातील कुटुंबास एक लाख वीस हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचे पक्के घर असा हिशेब ठरला. अनेकांनी जुने घर न पाडता पुढे स्लॅबची खोली बांधली आणि स्वयंपाक, धान्य व गुरे मागल्या कवेलूंच्या घरातच ठेवली. हा तोडगा शहाणपणाचा आहे, पण त्यातून एक नवी गळती जन्मली. नव्या खोलीच्या सपाट छताचे पाणी जर मागल्या बाजूस सोडलेले असेल, तर ते सबंध एका धारेने जुन्या मातीच्या भिंतीवर येते. जी भिंत पागोळ्यांच्या थेंबांसाठी बांधली होती, तिला ही धार सोसत नाही. दोन्ही छपरांच्या सांध्यावर पत्र्याची पन्हळ बसवून, छताच्या पाण्यास नळ लावून तो जोत्यापासून चार हात दूर नेला पाहिजे, आणि नळाखाली दगड ठेवला पाहिजे. कवडशांच्या खुणा करण्याच्याच आठवड्यात, एका दिवसात, हे काम होण्याजोगे आहे.