तगर आणि किल्लारी

माणसें घटलीं म्हणजे सर्व गांवांची गत एकच होते, असें नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक व्यापाऱ्यांस जें तगर मोठें नगर म्हणून ठाऊक होतें, तें आजचें धाराशिव जिल्ह्यांतील तेर होय. व्यापार आटला, नगराचें खेडें झालें. पण तें सावकाश झालें, म्हणून जागा सुटली नाहीं. जुन्या चैत्यगृहांतच पुढें त्रिविक्रमाची पूजा सुरू झाली.

किल्लारीस ती सवड मिळाली नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणेशविसर्जन करून निजलेल्यांवर दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या. लातूर-धाराशिव भागांत सुमारें ८,००० माणसें दगावलीं. ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. मोठ्या शहरांत ओस घरांत नवा भाडेकरू येतो. खेड्यांत घर बुडालें कीं त्याबरोबर शेताचा सोबती आणि अडीनडीची भावकीहि जाते. नव्या गांवचे रस्ते रुंद, घरें दूरदूर. पूर्वी हाकेवर असणारा शेजारी आतां चालून गांठावा लागतो.

तेरनें वैभव गमावून जागा राखली. किल्लारीनें जागा सोडून नांव राखलें. नांव राखणें सोपें. तुटलेला शेजार पुन्हा जोडणें, हेंच खरें पुनर्वसन होय.